बाईंच्या टाचणवह्या : एका स्मरणपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

माझी आजी १९६१ ते १९९९ या काळात सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत शिक्षिका होती. पहिली नेमणूक पाटण तालुक्यात, नंतर काही वर्षे माण तालुक्यात आणि निवृत्तीपर्यंतचा काळ कोरेगाव तालुक्यात गेला. जुलै २०२३ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ती वारली. वर्षश्राद्धाच्या आत तिच्या आठवणींची पुस्तिका काढायची असे घरात ठरले आणि संगणकावर बसणारी घरात मीच असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. निवृत्त शिक्षकांच्या अशा ट्रंका किती घरांत पडून आहेत हे पुढे कामाच्या ओघात कळत गेले, म्हणून काय जमले, काय फसले आणि पैसा कुठे गेला हे तारखेनुसार लिहून ठेवले आहे.

२० ऑगस्ट २०२३

सातारच्या घरी आजीच्या खोलीतील पत्र्याची ट्रंक उघडली. आत १९ टाचणवह्या, निरोप समारंभाचे मानपत्र, फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला वर्गाचा एक फोटो, तीन कॅसेटी आणि फडक्यात बांधलेले चिंचोके निघाले. उद्या कोणत्या तासाला कोणता घटक, कोणते साहित्य वापरून शिकवायचा याची शिक्षकाने आदल्या दिवशी करून ठेवलेली नोंद म्हणजे टाचण. आजीच्या वह्यांत तारीख, तास, विषय, घटक, साहित्य आणि शेरा असे रकाने पट्टीने आखलेले आहेत.

तळाची एक वही वाळवीने आतून पोखरली होती आणि हातात घेताच तिचा भुगा झाला. कव्हरवरील उरलेल्या आकड्यांवरून ती १९७८-७९ ची असावी. ते वर्ष गेले ते गेलेच. बाकीच्या वह्यांना ओल होती, म्हणून काकांनी त्या गच्चीवर उन्हात पसरल्या. दुपारपर्यंत कागद कडक होऊन वळू लागला आणि वरच्या पानांवरील निळी शाई फिकी पडली. मग सगळ्या वह्या आत आणून, दर पाच-सहा पानांमागे कोरा टिपकागद घालून पंख्याखाली ठेवल्या. ओलसर कागद सावलीतच वाळवावा. त्याला चार दिवस जास्त लागतात, पण अक्षर राहते.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. टाचणीच्या दोन्ही बाजूंना जाड प्लास्टिकची अरुंद पट्टी सरकवून टाचणी आधी कागदापासून मोकळी करावी आणि मगच हळूहळू बाहेर घ्यावी. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण ती हाताशी असते. ट्रंकेतल्याच एका पानावर आजीने कधीतरी लावलेली सेलोटेप तपकिरी पडून तिच्याखालचा मजकूर खाऊन बसली होती, ते पान सर्वांना दाखवल्यावर तो विषय मिटला. आम्ही गव्हाच्या सत्वाची पातळ खळ करून तलम कागदाच्या पट्ट्या मागच्या बाजूने लावल्या.

३ सप्टेंबर २०२३

आजीच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी तिन्ही तालुक्यांतील ओळखीच्या लोकांना व्हॉट्सॲपवर निवेदन पाठवले : ‘बाईंच्या आठवणी लिहून पाठवाव्यात.’ ज्यांना लिहिणे अवघड आहे त्यांनी बोलून पाठवले तरी चालेल असेही कळवले. दोनच दिवसांत पहिले उत्तर आले.

२४ सप्टेंबर २०२३

आजपर्यंत ३४ आठवणी आल्या आणि एकत्र वाचायला घेतल्यावर काम अडले. ‘बाई शिस्तप्रिय होत्या, पण प्रेमळ होत्या.’ ‘बाईंनी आमच्यावर आईसारखी माया केली.’ ‘आज आम्ही जे काही आहोत ते बाईंमुळे.’ या तीन वाक्यांच्या उलटसुलट मांडणीपलीकडे बहुतेक मजकूर जात नव्हता. लिहिणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही, परंतु यातील कोणतेही पान दुसऱ्या कोणत्याही बाईंच्या पुस्तिकेत जसेच्या तसे बसले असते. मानपत्र काढून पाहिले तर तिथेही हीच विशेषणे होती. मृत व्यक्तीविषयी लिहा म्हटले की आपल्याकडे माणूस सभेच्या व्यासपीठावर उभा राहतो आणि तिथली भाषा बोलू लागतो.

निवेदन रद्द करून त्याऐवजी प्रत्येकाला चार प्रश्न पाठवले : वर्गात तुम्ही कुठे बसत होता? बाईंनी तुमच्याकडून कोणते काम करून घेतले? कोणती वस्तू त्यांच्या हातात पाहिल्याचे आठवते? त्या तुमच्यावर कशासाठी रागावल्या? शेवटचा प्रश्न काकांना अजिबात आवडला नाही.

आधीच लिहिलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी पुन्हा उत्तर दिले नाही. पण ज्यांनी दिले त्यांच्या उत्तरांत फळा होता, खिडकी होती, गळका कौलारू कोपरा होता. फळा काळा करण्यासाठी टॉर्चच्या निकामी सेलमधील काळी पूड पाल्याच्या रसात कालवून तो दर शनिवारी कोण घासत असे, हे पाच जणांनी लिहिले आणि पाचही जणांनी ते काम आपलेच होते असे सांगितले.

८ ऑक्टोबर २०२३

वह्यांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. दुकानातील सपाट स्कॅनरवर एका पानाचे पाच रुपये पडत होते आणि जुनी शिवण उलटी दाबावी लागत असल्याने वह्या सुटण्याची भीती होती. शेवटी टेबलावर लाकडी चौकट ठोकून तिच्यावर मोबाइल पालथा बसवला आणि उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात पाने घेतली. फ्लॅश वापरू नये. पेन्सिलीने लिहिलेला मजकूर त्यात चमकून नाहीसा होतो. प्रत्येक वहीच्या पहिल्या छायाचित्रात शेजारी पट्टी ठेवून आकार नोंदवावा आणि फाइलला वहीचा व पानाचा क्रमांक लगेच द्यावा. ते नंतर करू म्हणून पहिल्या दोन वह्यांच्या फाइली मोबाइलने दिलेल्या आकड्यांनीच साठवल्या होत्या. त्या लावण्यात पूर्ण शनिवार गेला.

काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नये. फोटोवरील थर काचेला धरलेला असतो आणि ओढला की चेहरेच काचेवर राहतात. आम्ही काच बाहेरून पुसून, मागे काळे कापड धरून, फ्रेमसकट छायाचित्र घेतले. मोबाइलचे प्रतिबिंब पडू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याला भिंगापुरते भोक पाडून त्यातून ते काढले. डाव्या कडेची दोन मुले तरी पुसट आली, पण ती मूळ फोटोतही पुसटच आहेत.

२९ ऑक्टोबर २०२३

चार वह्यांवर वर्ष नाही. नुसती तारीख आणि महिना आहे. त्यांचा काळ ठरवण्यासाठी वहीच्या आतील खुणा कामी आल्या. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी प्राथमिक शाळांचा कारभार स्कूल बोर्डाकडे होता. एका वहीवर स्कूल बोर्डाचा शिक्का आहे, म्हणजे ती आजीच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षाची. दुसरीतील उदाहरणांत ‘नवे पैसे’ आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि जून १९६४ पासून सरकारी व्यवहारात नुसते ‘पैसे’ झाले, त्यामुळे ती वही १९६४ च्या अलीकडची नसावी असे धरले. तिसरीत बालभारतीच्या पुस्तकाचा उल्लेख आहे आणि पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना जानेवारी १९६७ ची, म्हणून ती त्यानंतरची. चौथीचा काळ वारांवरून काढला : तारीख आणि वार दोन्ही असले तर जुन्या पंचांगाशी ताडून शक्य असलेली वर्षे मोजकीच उरतात.

या कामात आत्याचा फार उपयोग झाला. कोणते अक्षर चष्मा लागण्यापूर्वीचे आणि कोणते नंतरचे हे तिला बघताक्षणी कळते.

२६ नोव्हेंबर २०२३

छायाचित्रांवरून अक्षरे ओळखणारी आज्ञावली हस्तलिखित मराठीपुढे निरुपयोगी ठरली. छापील मजकूर ती बरा वाचते. आजीच्या वळणदार अक्षराचे तिने नुसते चिन्हांचे ढीग केले. मग आम्ही साधा मार्ग धरला. आत्या वही मोठ्याने वाचते, मोबाइल ते ऐकून टाइप करतो आणि मी बसून दुरुस्त करते. हातानेच टाइप करण्यापेक्षा हे दुपटीहून जलद होते, परंतु विरामचिन्हे एकही येत नाहीत आणि जुने शब्द मार खातात. आजी चौथीच्या मुलांना हौसेने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी शिकवत असे. दशमान पद्धत आल्यावर पाव, निम्मे आणि साडेतीनचे हे पाढे अभ्यासक्रमाच्या दृष्टीने निकामी झाले होते, तरी बाजारात उभे राहून तोंडी हिशेब करणाऱ्या मुलाला त्यांचा उपयोग होतो असे तिचे म्हणणे असे. मोबाइलने ‘औटकी’चे दर वेळी ‘आऊट की’ केले. त्यावर आत्या इतकी हसली की त्या संध्याकाळी काम पुढे सरकले नाही.

सगळ्या वह्या टाइप करण्याचा बेत इथे सोडून दिला. टाचण हे बव्हंशी पुनरुक्त असते. ‘मागील पाठाची उजळणी’ हे वाक्य हजारदा छापून कोणाचे भले होणार नाही. शेरा आणि साहित्य हे दोनच रकाने पूर्ण वाचायचे आणि जिथे नेहमीपेक्षा वेगळे काही आढळेल ते पान निवडायचे, असे ठरवले.

१७ डिसेंबर २०२३

पाटण तालुक्यातील पहिल्या गावी जाऊन आले. साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठमार्गे गेले. जाताना १९६७ च्या वहीतील छायाचित्रांचे छापील कागद बरोबर घेतले होते.

त्या वहीत ११ डिसेंबर १९६७, सोमवार, या तारखेचे टाचण पूर्ण लिहिलेले आहे. रविवारी संध्याकाळी बसून लिहिलेले असणार. गणित : हातच्याची बेरीज. साहित्य : काड्यांचे गठ्ठे. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. त्या सोमवारी पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि खोऱ्यातील दगडमातीची घरे मोठ्या संख्येने पडली. आजीच्या शाळेची मागची भिंत कोसळली. पहाटेची वेळ होती म्हणून आत कोणी नव्हते. त्या पानाच्या समासात, रकान्यांच्या बाहेर, एवढेच लिहिले आहे : ‘पटावरील सर्व मुलांच्या घरी जाऊन आले. सर्व आहेत.’

तेव्हा तिसरीत असलेल्या एका बाई गावातच भेटल्या. त्यांनी आपण होऊन सांगितले की भिंत पडल्यावर शाळा देवळापुढच्या झाडाखाली भरायची आणि फळा ढिगाऱ्यात गेल्यामुळे बाई एका पडक्या घराच्या दारावर कोळशाने गणिते लिहायच्या. मी पिशवीतून पुढच्या आठवड्याचे पान काढले. साहित्याच्या रकान्यात ‘दाराची फळी, कोळसा’ असे लिहिले होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि शेजारच्या घरातून आणखी दोघींना हाक मारली. बाकीची दुपार मी फक्त ऐकत होते.

परतताना गाडीत पुस्तिकेची मांडणी सुचली. डाव्या पानावर वहीतील पानाचे छायाचित्र आणि उजव्या पानावर त्याच गोष्टीविषयी विद्यार्थ्याने सांगितलेली आठवण. जिला वहीत आधार नाही ती आठवणही घ्यायची, पण तिच्यासमोरचे पान रिकामे सोडायचे.

७ जानेवारी २०२४

सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव आपल्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्यामुळे ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, पुस्तिका प्रकाशित करावी असा काकांचा आग्रह होता. ते अर्थातच झाले नाही. तोवर निम्मी पानेही निवडून झाली नव्हती. एक उपयुक्त सूचना : तारीख आधी जाहीर करू नये. काकांनी ती पाहुण्यांत सांगून ठेवली होती आणि पुढचा आठवडा लोकांना फोन करण्यात गेला.

आज माण तालुक्यातील गावी गेले. वाटेत पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेची गर्दी असल्याने दहिवडीला पोहोचेपर्यंत दुपार झाली. जे गृहस्थ भेटणार होते ते तोवर रानात गेले होते. त्यांना शोधत बांधावर गेले, आणि मुलाखत तिथेच झाली. ते एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. ‘कशासाठी रागावल्या’ या प्रश्नाला त्यांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले, ‘बाईंनी मला छडीनं मारलंय. एकदा न्हाई, रोज. उशिरा आलो म्हणून. म्हशी सोडून यायचं म्हंजी उशीर व्हायचाच की.’ हे सांगताना ते हसले नाहीत. छड्या पुढे बंद झाल्या, पण का बंद झाल्या ते त्यांना आठवत नव्हते.

२१ जानेवारी २०२४

रविवारी घरात सर्वांसमोर माणची आठवण वाचून दाखवली. काकांचे म्हणणे, आईच्या वर्षश्राद्धाला आईने मुलांना मारल्याचे छापून वाटायचे हे शोभत नाही. आत्या म्हणाली की तिने आम्हालाही मारले आहे, त्यात लपवण्यासारखे काय. बाबा नेहमीप्रमाणे गप्प राहिले आणि चहा करायला उठले. निर्णय झाला नाही.

रात्री १९७२ ची वही पुन्हा चाळली. दुष्काळाचे वर्ष, मोठी माणसे खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जात होती आणि पटावर जेवढी नावे त्याच्या निम्मी मुले वर्गात असायची. ऑगस्टमधील एका पानाच्या शेऱ्यात हे सापडले : ‘उशिरा येणारी ७. कारण विचारले नव्हते. आज विचारले. जनावरे व लहान भावंडे. उद्यापासून हजेरी पहिल्या तासानंतर घेणे.’ पुढच्या पानांवर ‘उशिरा’ हा शब्द नाही.

हे पान काकांना वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि दोन्ही छापा म्हणाले, पण छड्यांचे आधी आणि हे नंतर, असे नको. समोरासमोर असू द्या. तसेच केले आहे.

उलटही घडले. ‘बाईंनी आयुष्यात एक दिवस रजा घेतली नाही’ हे वाक्य कमीत कमी बारा जणांनी लिहिले होते. वह्यांत रजेच्या नोंदी भरपूर आहेत : बाळंतपणाच्या, सासूच्या आजारपणाच्या, आणि एकदा सलग नऊ दिवस ‘मुलीस गोवर’. आम्ही ते वाक्य विद्यार्थ्यांच्या नावानिशी ठेवले आणि समोर गोवराचे पान छापले. आत्याने त्या पानाची वेगळी प्रत मागून घेतली.

१८ फेब्रुवारी २०२४

कॅसेटींचे काम. तिन्हींपैकी दोन विकतच्या भजनांच्या निघाल्या. तिसरीवर आजीच्या अक्षरात ‘वर्ग ४ था, पाढे’ असे लिहिले आहे. १९८९ च्या सुमारास काकांच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असावी. तो टेपरेकॉर्डर माळ्यावर होता, पण आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. राजवाड्याजवळच्या एका जुन्या कारागिराने नवा पट्टा घालून दिला. साडेचारशे रुपये घेतले आणि दोन आठवडे लावले. रेकॉर्डरचे हेड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसल्याशिवाय जुनी कॅसेट घालू नये.

कॅसेट लावली तर आवाज घोगरा आणि दबलेला. टेपला हेडवर दाबून धरणारा स्पंजचा इवलासा तुकडा झडून गेला होता. भजनांच्या कॅसेटीचे स्क्रू काढून तिचे कवच घेतले आणि आजीची टेप त्यात भरली. हे करताना टेबलावर पांढरा कागद असावा, कारण आतल्या चकत्या आणि पिना खाली पडल्या की सापडत नाहीत. कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले असेल तर ते कडेने कापावे लागते. ती वेळ आमच्यावर आली नाही.

संगणकावर ‘ऑडॅसिटी’ या मोफत आज्ञावलीत डब्ल्यूएव्ही स्वरूपात ध्वनी घेतला. घरघर कमी करण्याची सोय तिच्यात आहे, पण ती जास्त वापरली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, म्हणून मूळ फाइल तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर थोडीशी वापरली. निष्पन्न झाले ते अकरा मिनिटांचे : मुले दिडकी म्हणत आहेत आणि मध्येच आजीचा आवाज येतो, ‘घाई नको. मागची बाकं अजून सहावर आहेत.’

३० मार्च २०२४

छापखान्यांत विचारणा केली. दोनशे प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, कारण प्लेटचा खर्च थोड्या प्रतींवर पडतो. डिजिटल छपाईत प्रतीमागे ९८ रुपये ठरले : डेमी आकार, ११२ पाने, आत मॅपलिथो कागद, जाड आर्टकार्डचे कव्हर. मजकूर ११९ पानांचा झाला होता. पाने आठाच्या पटीत आणण्यासाठी मानपत्र आणि नातेवाइकांची मनोगते काढली. त्यावरून थोडी नाराजी झाली. ती अजून आहे.

१२ मे २०२४

पहिले मुद्रित, म्हणजे तपासणीची छापील प्रत, हाती आले आणि पोटात गोळा आला. छापखान्यात जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम चालते. आमचा युनिकोड (संगणक-मोबाइलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतला) मजकूर त्यात रूपांतरित करताना सगळे रफार एक घर पुढे सरकले होते, ‘ऱ्या’ फुटले होते आणि ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्य’ यांनी आपापसांत जागा बदलल्या होत्या. ‘विद्यार्थी’ हा शब्द पानोपानी वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेला होता. त्या संचाचे १,२०० रुपये द्यावे लागले ते लागलेच.

चुका एकेक दुरुस्त करायला बसण्याऐवजी मांडणीच दुसरीकडून, युनिकोडमध्येच करून घेतली आणि छापखान्याला फाँट आत बसवलेली पीडीएफ दिली. पानाला ३० रुपये पडले. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी छापखान्याला पहिल्याच भेटीत विचारावे : आमची पीडीएफ आहे तशी छापाल का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जावे. पूर्ण मजकूर देण्यापूर्वी ‘ऱ्हास, तऱ्हा, वर्ष, विद्या, शुद्ध, बाह्य, औट’ एवढे शब्द असलेले एक पान छापून पाहावे.

मुद्रितशोधन आजीच्याच एका विद्यार्थिनीने केले, ज्या स्वतः मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. वहीतील उताऱ्यांत आजीच्या शुद्धलेखनाला त्यांनी हात लावला नाही. माझ्या प्रस्तावनेत मात्र लाल शाई भरपूर निघाली.

९ जून २०२४

पाढ्यांचे ध्वनिमुद्रण ऐकता यावे म्हणून मलपृष्ठावर क्यूआर कोड घातला. एका मोफत संकेतस्थळावरून तयार केलेला कोड दोन आठवड्यांनी उघडेनासा झाला, कारण तो त्यांच्या दुव्यावरून फिरून जाणारा होता आणि मोफत मुदत संपली होती. छपाईपूर्वी लक्षात आले म्हणून निभावले. ज्यात मूळ पत्ता थेट भरलेला असतो असा स्थिर कोड घ्यावा, तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा आणि भोवती पांढरी जागा सोडावी. कव्हर गडद तपकिरी असल्यामुळे आम्हाला त्याच्यामागे पांढरा चौकोन टाकावा लागला. शिवाय पुस्तिकेसोबत ध्वनिफाइल दोन पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे, एक सातारच्या घरी आणि एक आत्याकडे.

विक्री करायची नसल्याने आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेतला नाही. तो मोफत मिळतो, पण अर्जासाठी थांबणे शक्य नव्हते.

२८ जुलै २०२४

गेल्या वर्षी आजी आषाढात गेली आणि त्यानंतर अधिक श्रावण आला, त्यामुळे यंदा तिथी जुलैच्या उत्तरार्धात सरकली. त्या अडीच आठवड्यांनी आम्हाला तारले. बाइंडिंग आदल्या दिवशी संध्याकाळी हाती आले आणि काही प्रतींचा डिंक ओला होता. प्रकाशन असे काही केले नाही. जेवणे झाल्यावर प्रती वाटल्या. माणचे वाहक आले होते. त्यांनी आपले पान काढून समोरचे पान वाचले, मग पुस्तिका मिटून, ‘अजून एक द्या, थोरल्याला पाहिजे,’ म्हणाले.

खर्च असा झाला : छपाई १९,६००, मांडणी ३,३६०, कव्हर १,५००, वाया गेलेले मुद्रित १,२००, टेपरेकॉर्डर ४५०, कापूस, स्पिरिट, कागद वगैरे ३००, पेनड्राइव्ह ९००, प्रवास २,४००, टपाल १,५००. एकूण ३१,२१० रुपये. पहिल्याच छपाईला पीडीएफ दिली असती तर बाराशे वाचले असते आणि उन्हाळ्यातील एक महिनाही.

एक प्रत सातारच्या नगर वाचनालयात आणि एकेक तिन्ही गावांच्या शाळांत दिली. दोन दुरुस्त्या आतापर्यंत आल्या आहेत. पृष्ठ ४१ वरील फोटोत उजवीकडून तिसरी मुलगी आम्ही लिहिली आहे ती नसून तिची धाकटी बहीण आहे, आणि फळा घासणाऱ्या पाच जणांत सहावे नाव घालावे असा कोरेगावहून निरोप आला आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत घालते आहे. पाटणच्या एका बाईंकडे त्यांची स्वतःची चौथीतील पुस्तीची वही आहे, आजीच्या शेऱ्यांसकट. तिच्या टाचण्या गंजल्या आहेत. हात लावू नका, मी येते, असे त्यांना कळवले आहे.